कोठीतली लढाई

कोरगाव, १८ मे १९८७
सासरी आल्यावरची ही पहिली नोंद. बेळगावहून निघताना आई रडली, पण इथं रडण्यासारखं काही नाही. कौलारू, स्वच्छ घर, परसात माड, मागे काजूची बाग. हे आज सकाळच्या बसनं साखळीला गेले. खाणीच्या कचेरीत नोकरी, शनिवारी येतील. लहानपणही ह्यांचं साखळीलाच गेलं, मामाकडे. सासूबाई मात्र हे घर सोडायला कधी तयार झाल्या नाहीत.

पुढच्या खोलीत मामंजींचा, यशवंतरावांचा हार घातलेला फोटो. एकसष्टच्या नोव्हेंबरात कुणीतरी खबर दिली नि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना कोठडीत मारलं. महिन्याभरानं आपलं लष्कर आलं, गोवा सुटला. पुढल्या वर्षी हे जन्मले. शेजारणी मला हुतात्म्याची सून म्हणतात. ऐकून ऊर भरून आला.

२१ मे
सासूबाई, जानकीबाई, कमी बोलतात पण जीव लावतात. रोज दुपारी केळीच्या पानावर भात नि माशाचं हुमण वाढून गोठ्यामागच्या काजूच्या कोठीत नेतात. मामंजींच्या नावानं ठेवते म्हणाल्या. आज म्हटलं, मी नेते. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "ती वाट तुजी न्हय."
पान परत येतं ते पुसल्यासारखं साफ. कावळे असं जेवत नाहीत. पाववाल्या पदेराकडून चार उंडे घेतो, दोघी मिळून दोनच खातो.

२५ मे
सगुणच्या दुकानात गेले होते. त्यानं सासूबाईंचं नेहमीचं सामान बांधून दिलं. साबण, चहा, दाढीच्या पात्यांचं पाकीट. हे तर दाढीचं सामान साखळीलाच ठेवतात. विचारलं तर म्हणाल्या, पायाचं कुरूप कापायला. तेल लावताना मी त्यांचे पाय पाहिलेत. एकही कुरूप नाही.

३० मे
आज गोवा राज्य झालं. हे पणजीला मिरवणुकीला गेले. सकाळी देवळापाशी फटाक्यांची माळ लागली, तेव्हा कोठीतून कुणीतरी किंचाळलं.
पुरुषाचा आवाज.
मी मागच्या भिंतीला कान लावला. आत सासूबाई कुणाला तरी समजावत होत्या. भिऊ नको म्हणाल्या, बंदुका लांब आहेत, कोलवाळचा पूल उडवला, लोक अजून तुला दारोदार शोधताहेत. मग अगदी मायेनं, "झूज अजून चालूच आसा."
ही झूज, ही लढाई, सव्वीस वर्षांपूर्वी दीड दिवसात संपली.

१ जून
ह्यांना सांगता आलं नाही. दोन दिवस सासूबाई आमच्या दोघांत बसून होत्या. आज हे गेले. त्या न्हायला गेल्यावर मी कोनाड्यातली किल्ली घेतली, कोठी उघडली.
गुळगुळीत दाढी केलेला म्हातारा. अंधारात फुटलेल्या कोंबासारखा पांढरा. नाव कृष्णनाथ. मी कोण ते त्याला कळेना. जानकी एकटीच राहते म्हणाला. यशवंताचं नाव त्यानंच पोलिसांना दिलं होतं, हे त्याच्याच तोंडून कळलं. जानकीसाठी. लष्कर आल्यावर लोक खबऱ्यांना शोधू लागले, तिनं ह्याला इथं लपवलं.
मी सांगितलं, लढाई केव्हाच संपली. तो हसला. विचारलं, तुला कुणी पाठवलं?
तोंड उजेडात आलं. ह्यांच्या भुवया. ह्यांची हनुवटी, खळीसकट.
आपल्याला मुलगा आहे, हे त्याला ठाऊकच नाही.
मागे ओल्या लुगड्यात सासूबाई उभ्या. रागावल्या नाहीत. दार ओढून घेतलं. कुलूप.

२ जून — बहुतेक
वही-पेन्सिल कमरेला होती. कौलाच्या फटीतून उजेड येतो. आता दोन पानं येतात.
सासूबाईंना पदेराला सांगताना ऐकलं — सून माहेरी गेली. मी ओरडले की हा तोंड दाबतो. सैनिक ऐकतील म्हणतो.

४ जून
दाराआडून विचारलं, का? नवऱ्याला मारवणाऱ्याला का पोसलंत?
पान खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "भायर सोडलो आसतो तर माका सोडून गेलो आसतो."
हा आत ऐकत होता. मला म्हणाला, ती तर यशवंताबद्दल बोलते.

५
फटाकेच काय, भांडं पडलं तरी — कोपऱ्यात सरकतो. माझा हात धरून बसतो. त्याचा मुलगा शनिवारी येतो, हे सांगितलं — मला खोटारडी म्हणाला — गळा आवळला —
आज गिळता येत नाही.

शनिवार
ह्यांचा आवाज. अंगणात. सासूबाई सांगताहेत, बेळगावच्या बसनं गेली, काही न बोलता —
हे म्हणताहेत, तिची पेटी तर इथंच आहे —
पावलं गोठ्याकडे. हे हाक मारताहेत, मंजुळा, मंजुळा —
हा उठला. पुटपुटतो, आले, सैनिक आले. दोन्ही हात पुढे —
आवाज फुटत नाही. दार ठोकताहेत. तुझाच मुलगा आहे रे, तुझाच मु