वेणूने ओळखलेला माणूस

गव्हाण, १० फेब्रुवारी २०२४

ती. दादास वेणूचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर नुसती बोंबाबोंब होते, म्हणून पत्रच लिहिते. माझ्या शेजारणीचं, माधुरीचं मंगळसूत्र गेल्या महिन्यात खेचलं ना, तो चोर मी ओळखला! पळताना मला धक्का देऊन गेला होता. काल तुरुंगात ओळखपरेड झाली, सात जण उभे केले होते. माधुरी रडायलाच लागली, तिला काय सुधरेना. मी मात्र चौथ्यासमोर थांबले आणि हात लावून दाखवला. अंकुश नावाचा कातकरी हाय, बांधकामावर मजुरी करतो. साहेबांनी माझ्या नजरेचं कौतुक केलं. आळीत काय मान मिळतोय म्हणून सांगू! एकदा बघितलेला चेहरा मी इसरत नाय, तुला ठाऊकच हाय.

वहिनीला नमस्कार. माया हाय तशीच राहू दे.

तुझी वेणू

महाड, २० फेब्रुवारी २०२४

चि. सौ. वेणूस अनेक आशीर्वाद.

शाबास बाईसाहेब! पण तुझ्या आठवणीची ग्वाही मला देऊ नकोस. लहानपणी खाडीचा खारबांध फुटून गावात पाणी शिरलं तेव्हा बाबांच्या पाठुंगळीला तू होतीस, असं तू शपथेवर सांगतेस. मी होतो, असं मीही शपथेवरच सांगतो. खोटं कोणीच बोलत नाही, तरी एक जण चुकतो आहे. चेष्टा सोड. धक्का लागला तेव्हा तू चेहरा पाहिलास की पाठ? हा माणूस त्याआधी कुठे दिसला होता का? एकदा शांतपणे आठव. मास्तरकीची खोड आहे माझी.

केतनला मामाचा आशीर्वाद. रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझा दादा, दिनानाथ

गव्हाण, ३ डिसेंबर २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा राग आला होता, म्हणून इतके महिने गप्प बसले. परवा केतन मोबाइलात आपल्या घराच्या स्लॅबचे फोटो दाखवत होता. गेल्या वर्षी स्लॅब टाकला त्या दिवशी रीतीप्रमाणे सगळ्या मजुरांना मटण-भाकरी वाढली होती. त्या पंगतीत अंकुश बसलाय, आणि त्याला वाढणारी मीच! दादा, फोटो मोठा करकरून बघितला, तोच. चेहरा ओळखीचा होता तो माझ्याच ओटीवरचा. चोराची मी पाठच बघितली होती. तो बिचारा दहा महिने आत, जामीन द्यायला कोण नाय, आणि बायको शुक्री पोराला काखोटीला मारून मजुरीला जाते.

हे मी माधुरीला सांगितलं तशी तिने बोलणं टाकलं. केतन म्हणतो, शब्द फिरवलास तर लोक तोंडात शेण घालतील. येत्या सोमवारी पनवेलला कोर्टात साक्ष हाय. लई भीती वाटते रे, पण खरं ते सांगणार.

तुझा आशीर्वाद असू दे.

वेणू

महाड, २० जानेवारी २०२५

चि. सौ. वेणूस अनेक आशीर्वाद.

केतनने सगळं लिहून कळवलं. सरकारी वकिलांनी तुला फितूर म्हटलं, मग चोर कोण ते सांग म्हणून खडसावलं. आणि तू भर कोर्टात सांगितलंस की चोराचा चेहरा मी पाहिलाच नव्हता, चूक माझी आहे. अंकुश निर्दोष सुटला! वेणू, पस्तीस वर्षं मी पोरांना खरं बोलायला शिकवलं, पण स्वतःच्या चुकीची वेळ आली की सारवासारवच केली. तू नाही केलीस. वाचनालयात भेटेल त्याला सांगतो, ती माझी धाकटी बहीण. केतननेही ‘माझी आई’ असं दोनदा लिहिलंय.

अशीच ताठ राहा, आणि म्हाताऱ्या भावावर लोभ ठेव.

दादा

गव्हाण, २ फेब्रुवारी २०२५

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र किती वेळा वाचलं, मोजलं नाय. माधुरी अजून गाल फुगवून हाय, पण काल चहाला येऊन गेली.

एक सांगते. आज दुपारी दारात एक माणूस आला, बरोबर बाई नि लहान पोर. मला वाटलं, काम मागायला आलेत. कोण पाहिजे म्हणून विचारलं. बाईने सांगितलं, हा अंकुश. कोर्टात शरमेने मी मान वर केली नव्हती. पण सात जणांतून ज्याला बेधडक हात लावला, त्याला माझ्याच दारात मी ओळखलं नाय, दादा. आत बोलावलं, हात जोडून माफी मागितली, आणि ह्या खेपेला त्याचा चेहरा नीट बघितला.

तुझी वेणू