नवऱ्याच्या नावाचा रकाना

प्रिय दामिनी,

चोवीस तारखेला तुझं दुबईचं विमान. आज नऊ. फोनवर सांगितलं तर 'हो आत्या, हो आत्या' म्हणत तू मागे भांडी घासत राहशील, म्हणून लिहिते आहे. प्रणयलाही वाचायला दे. नवरा आहे तो, त्याला कळलंच पाहिजे.

पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीचा करार, तिन्हींच्या तीन-तीन प्रती काढ. एक तुझ्या बॅगेत, एक प्रणयकडे, एक माझ्याकडे. मूळ पासपोर्ट तिथे कोणी 'आम्ही सांभाळतो' म्हणालं तरी द्यायचा नाही. व्हिसा नोकरीचाच आहे ना, की फिरायला आलेल्या पाहुणीचा, ते स्वतः वाच. नर्सिंग शिकलीस, तेवढं इंग्रजी येतं तुला. वकिलातीचा नंबर कागदावर लिहून घे, मोबाइल हातात राहीलच असं नाही. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ने. तुझ्या सासूबाई डिंकाचे लाडू करताहेत म्हणे. त्यात खसखस असेल तर एकही नेऊ नकोस. तिकडे खसखस म्हणजे अफूच धरतात आणि आत टाकतात. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे.

तुझा बाप माझ्यावर चिडला आहे. परवा जयराम मुरबाडच्या एसटी स्टँडवर भेटला. म्हणाला, 'आक्का, पोर कामाला चाललीय, लढाईला नाय. कशाला भेवडवतेस तिला?' मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर डोळखांबला चल, मग बोल. 'भात झोडायचा ऱ्हायलाय' म्हणाला. मी एकटीच गेले.

तिथल्या कविताला तू पाहिलं आहेस. माझ्या ओटीवर फॉर्म भरायला यायची, उंच, सारखी हसणारी. निवृत्त झाल्यापासून मी लोकांचे अर्ज भरून देते, त्यातला तिचा पासपोर्टचा एक. दीड वर्षापूर्वी ती घरकामासाठी आखातात गेली. गेल्या महिन्यात, ज्या घरी काम करत होती तिथे जिन्यावरून पडून वारली. निदान कळवलं तरी तसंच. आज एकोणचाळीस दिवस झाले, ती तिथल्या शवागारात आहे. प्रेत पाठवायला कोणी अडवलेलं नाही. फक्त ते कोणाच्या ताब्यात द्यायचं, हे ठरत नाही.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवीन नाव लिहितात आणि दुसऱ्या दिवसापासून जुनं नाव माहेरीच राहतं. कविताची सासरी पूजा झाली. रेशनकार्डावर पूजा, मतदार यादीत पूजा, सहा वर्षांच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून पूजा. पासपोर्ट मात्र शाळेच्या दाखल्यावरून निघाला, तो कविताचा, बापाच्या नावाने. बाप दोन वर्षांपूर्वी गेला, आई त्याआधीच. भाऊ-बहीण नाही. तिचा नवरा मंगेश लग्नाचा फोटो घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो आहे. एका साहेबांनी त्याला सांगितलं, फोटोतली बाई पूजा असेल, पण वारली ती कविता, आणि कागदावर कविताचं लग्नच झालेलं नाही.

हे खरं आहे. कागदावर झालेलं नाही. त्यांनी लग्नाची नोंदणी केली नव्हती. आपल्या भागात कोण करतं? मांडव, जेवण, हळद, संपलं. नोंदणी करायची म्हणजे साक्षीदार हवेत, भटजींची सही हवी, दहा खेपा. एजंट घाई करत होता. कविता म्हणाली, 'बाई, काय लिवायचा तो लिवा, माजा नंबर जायला नको.' मी लिहिलं. लग्न झालं आहे का, या रकान्यात अविवाहित. नवऱ्याच्या नावाचा रकाना कोरा. गळ्यात मंगळसूत्र घालून ती माझ्यासमोर बसली होती, दामिनी, आणि मला ते दिसत होतं. परतल्यावर नोंदणी करून दुरुस्त करू, असं मी म्हणाले. तीस वर्षं मुलांना खोटं लिहू नका असं शिकवलेली बाई मी.

काल मंगेश घराच्या अंगणात बसला होता. रडत नव्हता. मुलगी त्याच्या पाठीला टेकून झोपली होती. त्याने मला पाणी दिलं आणि विचारलं, 'बाई, फारम तं तुमीच भरलाव. मग माजा नाव त्यात कुठं गेला?' माझ्या हुशारीवर त्याचा अजून विश्वास आहे. त्याला वाटतं, कचेरीतच कोणीतरी चूक केली. मी पाणी प्यायले आणि उठून आले.

उद्या शहापूरला तहसील कचेरीत जाऊन मी प्रतिज्ञापत्र देणार आहे, की कविता आणि पूजा एकच, मंगेश तिचा नवरा, आणि हे माहीत असून मी अर्जात खोटं भरलं. वकील म्हणाले, बाई, शेवटचं वाक्य गाळा, तुमच्यावर केस होईल. ते गाळलं तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवेल? ते राहील. पण तुला लिहिण्याचं कारण हे नव्हे. तुझा अर्ज मी तुझ्या लग्नानंतर तीन महिन्यांनी भरला. सासरी तू भावना आहेस, तुमच्याही लग्नाची नोंद कुठे नाही, आणि त्याच रकान्यात मी तेच लिहिलं. तू विचारलं होतंस, 'आत्या, हे चालेल ना?' मी म्हटलं, सही कर, मला शिकवू नकोस. तुझं बरोबर होतं. चोवीसला जाऊ नकोस. आधी प्रणयबरोबर जाऊन लग्नाची नोंद कर, मग पासपोर्ट कचेरीत खरं सांगून तो बदलून घे. त्यांनी विचारलं कोणी भरलं, तर माझं नाव सांग, पूर्ण पत्त्यासकट. नोकरी जाईल कदाचित. तू माझ्यावर आयुष्यभर रागावशील. पण तुला काही झालं तर प्रणयला मंगेशसारखं दारोदार सिद्ध करत फिरायला लागू नये, की तू त्याची होतीस.

तुझीच,
वेणूआत्या