घुमटाखालच्या चादरी

५ फेब्रुवारी, सकाळी
व्हिजिटिंग कार्डे आली. प्रेसवाल्याने 'ध्वनितज्ञ' छापले होते. 'ध्वनितज्ज्ञ' करून आणायला परत पाठवली. ऑनलाइन कोर्स अर्धा राहिला असला तरी जोडाक्षर पूर्ण हवे.

पहिले काम मिळाले. मठाचा सभामंडप. वर घुमट, खाली गुळगुळीत फरशी. टाळी वाजवली की ती वर जाऊन फिरते आणि सावकाश खाली येते. अध्यक्ष चनबसप्पाकाकांची अट एकच. पंचविसाव्या तारखेच्या उत्सवात स्वामींचे आशीर्वचन शेवटच्या खांबाला टेकून बसणाऱ्या गुरम्मा आज्जींना कळले पाहिजे. कळले तर पुढची सगळी कामे माझी. वडील, म्हणजे आप्पा, म्हणाले की जमले नाही तर मुकाट्याने आपल्या मंडप डेकोरेटर्सच्या गोडाऊनमध्ये खुर्च्या मोजायच्या.

तशी वेळ येणार नाही.

९ फेब्रुवारी
आणखी चार स्पीकर लावले. ट्रायल घेतली. गुरम्मा आज्जी म्हणाल्या, "आवाज लई मोठा हाय. शब्द एक बी न्हाय."
आज्जींचे कान तपासायला हवेत.

१० फेब्रुवारी
रस्त्यावर रिक्षावाला गिऱ्हाइकाला काय बोलला ते आज्जींनी खांबाजवळ बसूनच सांगितले. कान उत्तम आहेत. शंका मागे घेतली.
दोष घुमटाचा आहे.

१६ फेब्रुवारी
कोर्सचा पाचवा भाग पाहिला. जाड कापड आवाजाचा घुमारा शोषते. जाड कापड! आणि मी राहतो सोलापुरात. इतक्या वर्षांत हे कोणालाच कसे सुचले नाही?
मित्र ताबीशच्या दुकानातून चादरी जाकड आणल्या. उत्सव झाला की जशाच्या तशा परत. तो म्हणाला, घडी मोडली तर चालेल, डाग नको.

२४ फेब्रुवारी
घुमटाखालच्या गॅलरीच्या कठड्यावर आणि स्टेजमागे चादरी टांगल्या. ट्रायलला मी स्वतःच बोललो. आज्जी म्हणाल्या, "आज समदं कळलं. लई बोलतोस की रं तू."
हा क्षण आप्पांनी पाहायला हवा होता.

चनबसप्पाकाकांनी विचारले, एवढ्या चादरी कशाला? तंत्र उघड केले तर उद्या कोणीही टांगेल. म्हणून इतकेच म्हणालो की उद्याच्या कार्यक्रमासाठीच आहेत. ते फार खूश झाले. पाठ थोपटून म्हणाले, "पोराला न सांगता कळतंय."
नेमके काय कळले ते मी विचारले नाही. स्तुतीच्या वेळी मध्ये बोलू नये.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी, मिक्सरजवळ
प्रास्ताविक अत्यंत स्पष्ट. आज्जी मान डोलावत आहेत. आप्पा दुसऱ्या रांगेत. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान असावा. इथून नीट दिसत नाही.

थोड्या वेळाने
सत्कार सुरू झाले. देणगीदारांना नारळ आणि चादर. चादर स्टेजमागची वाटते.

पुन्हा
स्टेजमागची भिंत मोकळी. एक स्वयंसेवक गॅलरीत चढला आहे. काकांना हाताने खूण केली. त्यांनी हसून हात जोडले.

पुन्हा
देणगीदार बरेच आहेत. मठाला इतके दाते असणे चांगली गोष्ट नाही. प्रत्येक सत्काराबरोबर निवेदकाचा आवाज जाड होत चालला आहे.

पुन्हा
कठड्यावर एकच चादर उरली. निवेदकाने कोणाचे तरी नाव घेतले. घुमारा इतका की काहीच कळले नाही. आप्पांनी मागे येऊन ढोसले. नाव माझे होते. ध्वनितज्ज्ञ म्हणून सत्कार.

चादर पांघरून परत आलो. आता स्वामी बोलत आहेत. आज्जी शेजारणीला विचारताहेत, "स्वामी कन्नडात बोलालेत का मराठीत?"

२६ फेब्रुवारी, गोडाऊन
ताबीश येऊन गेला. माझ्या अंगावरची चादर उलटसुलट करून पाहिली. डाग नव्हता. बाकीच्या मान्यवरांकडून मागून आणता येतील का, असे मी विचारले. तो म्हणाला, "तू माग. मी रिक्षात बसतो."

सवय म्हणून एक टाळी वाजवली. चारही बाजूंना गाद्या आणि पडद्यांचे ढीग. अजिबात घुमले नाही. इतकी उत्तम जागा मी आजवर पाहिली नव्हती.

पार पलीकडच्या टोकावरून आप्पा म्हणाले, "मोठ्यानं मोज."

शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला.