दुधाचा नियम

कोल्हापूर,
दि. १९ जानेवारी २०२५

चि. अनेकांत,

जय जिनेंद्र. तुला आणि दीपाला आशीर्वाद. टोरांटोत बर्फ पडतोय म्हणे, कानटोपी घालत जा. तिथल्या आपल्या मंडळींनी आईसाठी जमून णमोकार मंत्र म्हटला, तो फोटो पोचला. परक्या मुलखात एवढी माणसं आली, बरं वाटलं. माझं गुडघे सोडले तर ठीक.

परवा फोनवर तू रडलास. मी आलो असतो तर आई जगली असती, म्हणालास. मी फोन ठेवून दिला. तोंडातून निघत नाही, म्हणून लिहितो.

येऊ का, असं तू तीनदा विचारलंस. तिन्ही वेळा आई बरी आहे असं मी सांगितलं. तुझे तिथं कायम राहायचे कागद अडकलेले. देश सोडलास तर सगळं मुसळ केरात, ही माझी भीती. तेव्हा तो दोष तुझा नव्हे.

पुढचं आणखी वाईट आहे.

तू गेलास त्या वर्षी आईनं मंदिरात नियम घेतला. तुझं पाऊल इकडच्या मातीला लागेपर्यंत दूध वर्ज्य. तुला कळू द्यायचं नाही, अशी मला ताकीद. म्हशीनं काय पाप केलं, म्हणून मी चिडवायचो. सहा वर्षं कोरा चहा प्यायली.

डिसेंबरात अन्न जाईना. निदान दूध तरी द्या, डॉक्टर म्हणाले. ती ऐकेना. शेवटी मी म्हणालो, अनेकांत मुंबईत उतरलाय, सकाळी पोचतोय.

कपभर प्यायली. आणखी मागितलं. सकाळी शेजारच्या तानाबाईकडून वेणी घालून घेतली आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली. दिवस मावळला तेव्हा माझ्याकडे वळली.

"दुधासाठी पोराचं नाव घेतलंसा व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं मोडलेल्या नियमाचं प्रायश्चित्त म्हणून उपास धरला. मी पाया पडलो, तरी सोडला नाही. चौथ्या दिवशी गेली. जाण्याआधी दूधवाल्या गुंडूपर्यंत सगळ्यांची क्षमा मागितली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

लोकांना मी सांगतो, शांतपणे गेली. तुलाही तेच सांगितलं होतं.

तिची क्षमा आता मला मिळायची नाही. तुला देता आली तर ये. नाही देता आली, तरी ये.

तुझ्या नावानं तुझ्या आईला फसवलेला,
अण्णा