अप्पांचं रान सपाट केलं

१२ मे २०२४, रविवार
ट्रॅक्टर ठरला! अप्पा लातूरच्या दवाखान्यात, अव्वा त्यांच्याजवळ, आणि मी इकडं उदगीरजवळ आमच्या रानात उन्हात उभी. शाळेत भूगोल शिकवणारी ही त्यांची लेक! आजवर हुरडा खायला तेवढी आले असेन. पण अप्पा याच उतारावरून घसरले, खुबा मोडला. परत पडायला नकोत. शुक्रवारी ते घरी येतील तेव्हा तीन एकर पाटासारखं सपाट दिसलं पाहिजे. त्यांना सांगितलेलं नाही.

१३ मे
ट्रॅक्टरवाला बजरंग भारी कटकट्या. "ताई, आधी काळी माती काढून एकीकडं ढीग लावावं लागतंय. मग खालचा मुरूम सारखा करायचा, मग काळी वर पसरायची. धा-बारा दिवस लागत्यात." म्हटलं, एवढे दिवस नाहीत— वरच्या अंगाची माती सरळ ओढा आणि खाली टाका. डोकं खाजवत बसला. दुपारनंतर निमूट सुरू झाला. माझा स्वभावच असा, ठरलं की झालंच पाहिजे.

१६ मे
झालं! वरचं अंग जरा पांढुरकं दिसतंय. उन्हानं असेल.

१७ मे
अप्पा आले. गाडीतूनच रान बघितलं. मग म्हणाले, "सपाट झालंय की, माय. आता काठी टेकत हिरीपर्यंत जाता येतंय." मला रडूच आलं— आनंदानं!

२८ जुलै
खालच्या अंगाला सोयाबीन गुडघ्याला लागलं. वरच्या अंगाला बोटभर, पिवळं. मुरूम वर आला आणि काळी माती खाली गाडली गेली. मी गाडली! वर्गात मातीचे थर रंगीत खडूनं फळ्यावर काढते मी. एवढी शिकले, पण बजरंगचं एक ऐकलं नाही.

अव्वा एवढंच म्हणाली, "तुज्या आज्ज्यानं डोक्यावर गाळ वाहून केलेली माती व्हती ती." अप्पांनी तिला गप्प केलं. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ ऑगस्ट
अप्पा रोज काठी टेकत वर जातात. पिवळ्या रोपांपाशी बसून राहतात. हाक मारली की हसतात. ते हसणं मला बघवत नाही. आज बोलायचं ठरवलं होतं— 'अप्पा, चुकलं माझं.' चहा देऊन आले नुसता.

१९ ऑगस्ट
अप्पा गेले. दोन दिवसांचा ताप, छातीत कफ. एवढंच.

२१ ऑगस्ट
आमच्यात रानातच समाधी देतात. काल अप्पांना विभूती लावून, बेलाची पानं घालून बसवलं. खड्डा खालच्या अंगाला घेतला होता. कुदळीला काळी माती लागत गेली, लागतच गेली. मी खाली बघितलं नाही.

माफी मागायची राहिली. रोज उद्या म्हणत होते.

२६ ऑगस्ट
बजरंग भेटायला आला. चहा घेतला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, पहिल्याच दिशी दुपारी म्या अप्पाला फोन लावला व्हता. म्हणलं, असं केलं तर रान खराब हुईल, थांबू का? म्हणले, न्हाई. माजी लेक पहिल्यांदा रानात हुबी ऱ्हायलीय. ती म्हणती तसंच कर."