चौथ्या जोडीची जागा

मी, प्रभा शरदचंद्र दाबके, राहणार झिंडेलफिंगेन, जर्मनी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. इथल्या कायद्याला टाइप केलेलं मृत्युपत्र चालत नाही, म्हणून हाताने. अक्षर थरथरतंय ते कॅन्सरच्या औषधांनी, भीतीने नव्हे.

१. राहता फ्लॅट सामानासकट माझी धाकटी सून शिवांगी हिला. माझा सुमित मार्चमध्ये अपघातात गेला. सून आपोआप वारस होत नाही, म्हणूनच हा खटाटोप. तेराव्याला थोरला नागेश सर्वांदेखत तिला त्याच्या जर्मन पालुपदासकट म्हणाला, "आल्झो शिवांगी, तुझं आता इथे काय राहिलंय? पुण्याला जा." राहिलंय, नागेश. हे घर राहिलंय.

२. नागेशला कायद्याने द्यावाच लागतो तेवढा हिस्सा, बँकेतल्या ठेवींतून. वर काही नाही.

३. माझे सोन्याचे गोठ विकून येणारे पैसे नृत्यमंडळाला. तिथे मी ह्यांच्याबरोबर दर हिवाळ्यात क्वाड्रिल नाचले. एकोणिसाव्या शतकातल्या एका ऑपेरेटाच्या, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकेच्या, चाली गुंफून ऑर्केस्ट्रासाठी बांधलेलं. चार जोड्या चौकोनात समोरासमोर. हे गेले त्या वर्षी मी नटूनथटून पोचले, तर आपलीच मराठी मंडळी म्हणाली, "प्रभाताई, जोडी लागते हो. तुम्ही कोट टांगलेत तिथल्या खुर्चीवर बसा ना." हळदीकुंकवातून उठवलेल्या बायका मी पुण्यात पाहिल्या होत्या. इथे ती बाई मी झाले. त्या खुर्चीवर बसून ती रचना पहिल्यांदा नीट ऐकली. ऑपेरेटात एका विधवेचं रडणं आहे, तेच उडत्या ठेक्यावर बसवलंय आणि सगळे त्यावर हसत गिरक्या घेतात. फार राग आला, अजून आहे. अट एवढीच: यापुढे दोन बायकांचीही जोडी धरावी. जमत नसेल तर पैसे शिवांगीला.

४. नाचाचा निळा झगा फेकून द्यावा.

५. माझे अंत्यविधी शिवांगीने करावेत. नागेशने मागे उभं राहावं.

६. इथे अस्थी पुराव्याच लागतात, म्हणून सुमितच्या अस्थींसाठी नागेशने दोघांची कबर घेतली. दगडावर त्याच्या नावाखाली जागा कोरी ठेवून शिवांगीला दाखवली, "ही तुझी." जिवंतपणी जिचं इथे काही नाही, तिची मेल्यावरची सोय मात्र चोख! त्या कबरीत माझ्या अस्थी ठेवाव्यात, कोऱ्या जागेत माझं नाव कोरावं. शिवांगी बत्तीस वर्षांची आहे. तिथे तिच्यासाठी जागा उरता कामा नये.

वाचून, पटून सही केली.
प्रभा शरदचंद्र दाबके
झिंडेलफिंगेन, ११ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार (कायद्याला नकोत, मला हवेत):
ऊर्मिला भास्कर रानडे
नीलिमा श्रीधर खरे