बासनातली कादंबरी

श्रावण शु. ३
ताईला पोलादपूरहून आणून आठ दिवस झाले. भावोजी वैशाखात तापानं गेले. ताई सतराची. मागल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसते, दोन घास खाते, उठते. सासऱ्यांनी चातुर्मासापुरती पाठवली आहे. तुळशीचं लग्न झालं की परत न्यायची नि केस काढायचे, असं बाबांना सांगून ठेवलंय. बाबा 'बरं' म्हणाले. कचेरीतही सगळ्यांना 'बरं'च म्हणतात.

श्रावण शु. ६
अण्णानं शाळेतून येताना वाचनालयातून कादंबरी आणली. (इथून पुढे नुसतं 'का.'. वही आईच्या हाती लागली तर!) लग्नाआधी ताईचा नि माझा हाच उद्योग. राजकन्या, उडता घोडा, शेवटी लग्न. आई म्हणाली, आता तिला असलं शोभत नाही, पोथी वाचून दाखव. वाचते म्हटलं. पोथी कोनाड्यात ठेवली, का. पोथीच्या बासनात. चौरंगावर मांडून ओवीच्या चालीत सुरू केलं. राजकन्या सात बुरुजांत कोंडलेली… ताईनं मान वळवली. चौथ्या पानाला हसली. खरंच हसली. माझी चालच चुकली.

श्रावण व. २
पंचाईत. आळीतल्या बायका ऐकायला येतात! शेजारच्या काकू वाती वळत बसतात, दूध घालणारी गंगू उंबऱ्याशी. त्यांतल्या कुणाला वाचता येत नाही हे नशीब. राजपुत्रानं मिठी मारली तिथे मी 'नमस्कार केला' म्हणून रेटलं. ताईला ठसका लागला. जेवताना तिनं भात मागून घेतला. आईला चुलीपाशी चाल तेवढी ऐकू येते, तिला वाटतं पोथीचा गुण.
गंगू जाताना हळूच : "त्या पोरीला सोडवायला येतो ना गो तो? का नाय?" मलाच कुठे ठाऊक.

भाद्रपद शु. ११
ताई आज आपणहून बोलली. म्हणे, हे सगळं खोटं असतं ते कळतं गं मला. पण तेवढा वेळ सगळ्या जणी राजकन्येकडे बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही.
मी फुलं आणायच्या निमित्तानं परसात जाऊन रडले.

भाद्रपद व. ९
घात झाला. काकूंकडे श्राद्धाला पोलादपूरचे भटजी आले होते, ताईच्या सासरचे उपाध्ये. काकूंना ताईचं कौतुक सांगायचं होतं. पोर किती भाविक, रोज पोथी ऐकते, म्हणून सांगितलं, नि हौसेनं कथाही सांगितली. बुरूज, घोडा, सगळं. भटजींनी विचारलं, हे कोणत्या पुराणात? आणि तडक आमच्याकडे येऊन बासन सोडलं.
काकू घरी जाऊन रडल्या म्हणे. काय चुकलं ते त्यांना अजून नीट कळलेलं नाही.

आश्विन शु. ३
सासऱ्यांचं पत्र. माहेरी सुनेला वळण राहिलेलं नाही, दसरा होताच नेऊ. बाबा 'बरं'.
चाळीस पानं राहिलीत. आईनं का. अण्णाकरवी परत पाठवली.

आश्विन शु. १२
ताई गेली, सकाळच्या मोटारीनं. सासरे पुढे बसले. ताईनं मला जवळ ओढून शेवट विचारला. मी म्हटलं, लग्न होतं, आणखी काय.
"ते माहीत आहे. कसं होतं ते सांग."
मला कुठे माहीत. काहीतरी रचून सांगायचं सुचलं असतं तर. मोटार सुटली.

आश्विन व. ५
माझ्यामुळे. खरी पोथी वाचली असती तर तुळशीच्या लग्नापर्यंत तरी राहिली असती. पण मग जेवली नसती. हे दोन्ही एकदम मनात येतं. काकू येत नाहीत. गंगू दूध घालून उंबऱ्याशी न थांबता जाते.

कार्तिक शु. १०
पोलादपूरहून पत्र. पौर्णिमेचा दिवस धरला आहे, न्हाव्याला सांगितलं आहे. बाबांनी पत्र दोनदा वाचून टोपीखाली ठेवलं. आई चुलीपुढे नुसतीच बसलेली. मला राहवेना. म्हटलं, बाबा, एकदा तरी नाही म्हणा.
मारतील असं वाटलं होतं. मारलं नाही. ओटीवर बसून राहिले. दिवेलागणीला आत आले तेव्हा म्हणाले, हसायची का गं ती खरंच?
हो म्हटलं. कुठल्या पानाला ते विचारलं. तेही सांगितलं.

कार्तिक शु. १३
बाबा रजेचा अर्ज देऊन सकाळच्या मोटारीनं पोलादपूरला गेले. कशाला ते कुणाला सांगितलं नाही. आईनं विचारलं, तांदूळ चार जणांचे घेऊ की पाच? ऐकलंच नसल्यासारखे गेले.
संध्याकाळची मोटार आली. अण्णा नाक्यावर जाऊन बघून आला. तीत बाबा नाहीत.
आईनं भात पाच जणांचाच लावला आहे.